गाव कुठलं तुझं?

लिमरिक जंक्शनच्या फलाटावर गाडी बदलायची होती. फेब्रुवारीची दुपार, तीन वाजताच दिवेलागणीसारखा उजेड आणि आडवा येणारा भुरभुर पाऊस. बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते. डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर कागदात गुंडाळलेला पाव. हवापाण्याच्या दोन गोष्टी झाल्यावर त्यांनी विचारलं, कुठून आलीस? भारतातून, मी म्हटलं. भारतात कुठून? महाराष्ट्रातून. महाराष्ट्रात कुठून? सातारा जिल्ह्यातून. त्यांचं अजून समाधान झालं नव्हतं.

"पण गाव कुठलं तुझं?"

"वाई."

हे नाव त्यांनी कधी ऐकलं असण्याचं कारण नव्हतं. तरी "वाई, वाई" असं दोनदा स्वतःशी म्हणून त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, "वाईत खेळतात काय?"

पुढचे बारा दिवस हेच दोन प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत राहिले. यंदाच्या अंकाचा विषय कळवताना संपादकांनी लिहिलं होतं, 'शिकायला बाहेर गेलेली मुलं तिथे जगतात कशी, ते बघून ये.' मी आयर्लंड निवडलं. हा देश मुंबईच्या निम्म्याहूनही कमी लोकवस्तीचा. भाषा इंग्रजी, मास्टर्स एका वर्षात पूर्ण होते आणि त्यानंतर नोकरी शोधायला दोन वर्षं राहता येतं. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जांवर या देशाचं नाव हल्ली वरचेवर दिसतं. शिवाय मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉ. अशोक वराडकरांचा मुलगा लिओ २०१७ साली इथला पंतप्रधान झाला, तेव्हापासून आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं आहे.

मी वर्ग, वसतिगृहं आणि नोकऱ्या बघायला गेले होते. त्या बघितल्याच. पण मुलं तिथे रुजतात की नुसती राहून येतात, याचा उलगडा मला एका चिखलाच्या मैदानावर झाला.

पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे

लिमरिक विद्यापीठाचा परिसर शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलाय. मधे पादचाऱ्यांसाठी साडेतीनशे मीटर लांबीचा 'लिव्हिंग ब्रिज' आहे. २००७ साली तो खुला झाला. पुलाच्या अलीकडे लिमरिक काउंटी, पलीकडे क्लेअर. सकाळी नऊच्या आधी मुलांचा लोंढा दोन्ही दिशांनी वाहत असतो. हिरवी जर्सी दिसली की लिमरिकचा, केशरी-निळी दिसली की क्लेअरचा, हे मला दुसऱ्या दिवशीच कळायला लागलं. हर्लिंग या इथल्या दांडा-चेंडूच्या खेळाच्या मैदानावर या दोन काउंट्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. इथे त्यांची मुलं एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसतात.

संस्था तशी तरुण. १९७२ साली ती सुरू झाली आणि १९८९ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती ज्या जागेवर उभी आहे त्या जागेचं नाव वाचून मात्र मी थबकले. प्लासी. 'प्लासी हाउस' ही जुनी पांढरी वास्तू आजही परिसरात उभी आहे. विद्यार्थ्यांच्या पहिल्या वसतिगृहाचं नाव 'प्लासी व्हिलेज'. आपल्या शाळेच्या पुस्तकातली १७५७ सालची प्लासी ती हीच. लढाई जिंकून रॉबर्ट क्लाइव्ह धनवान झाला, १७६२ साली त्याला 'प्लासीचा बॅरन' हा आयर्लंडमधला किताब मिळाला आणि या भागातल्या आपल्या जमिनीला त्याने तेच नाव दिलं. बंगालमधलं एक गाव असं शॅननच्या काठी येऊन बसलं. आज त्या वसतिगृहाच्या दारावर भारतातून आलेली मुलं पार्सल घ्यायला उभी असतात, आणि पत्ता सांगताना 'प्लासी' म्हणतात.

वीस तास

परदेशी विद्यार्थ्याच्या आयुष्याचं गणित इथे एका आकड्याभोवती फिरतं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करण्याची मुभा. जून ते सप्टेंबर आणि नाताळच्या आगेमागे, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, चाळीस तास. २०२५ साली किमान वेतन ताशी साडेतेरा युरो होतं, म्हणजे वीस तासांचे दोनशे सत्तर युरो. एका युरोला साधारण शंभर रुपये धरले तर घरच्यांना ही रक्कम मोठी वाटते. पण खोलीचं भाडं, बस, किराणा वजा केला की महिन्याच्या शेवटी हातात उरतं ते फोनवर आईला सांगण्याजोगं नसतं.

मला भेटलेल्या मुलांपैकी कोणी पेट्रोल पंपावरच्या डेली काउंटरवर चिकन फिलेट रोल बांधून देत होतं, कोणी सुपरमार्केटात रात्री फळ्या भरत होतं, कोणी वृद्धाश्रमात आजी-आजोबांना भरवत होतं. नाशिकची एक मुलगी डेटा ॲनालिटिक्स शिकते आणि शनिवार-रविवार वृद्धाश्रमात काम करते. ती म्हणाली, "ताई, इथलं इंग्रजी मी वर्गात नाही शिकले. तिथल्या आज्यांनी शिकवलं. 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक आहे' एवढंच, हे पहिल्या आठवड्यात कळलं."

खरी अडचण घराची. आयर्लंडमध्ये घरांची टंचाई एवढी आहे की प्रवेश मिळाला, व्हिसा मिळाला, तिकीट काढलं, तरी डोक्यावर छप्पर मिळालेलं नसतं. न पाहिलेल्या घराची अनामत रक्कम ऑनलाइन भरायची आणि पोचल्यावर असं घरच नाही हे कळायचं, हा अनुभव दोघांनी सांगितला. म्हणून बरीच मुलं 'डिग्ज'मध्ये राहतात. कुणा कुटुंबाच्या राहत्या घरातली एक खोली भाड्याने घ्यायची, स्वयंपाकघर वाटून वापरायचं. घरमालकालाही यात सोय आहे, वर्षाला चौदा हजार युरोंपर्यंतच्या या उत्पन्नावर सरकार कर घेत नाही.

नाशिकच्या मुलीच्या डिग्जमध्ये मी एका संध्याकाळी गेले. घरमालकीण सत्तरीच्या, मुलं डब्लिनला. पहिल्या आठवड्यात जिरं-मोहरीची फोडणी पडली आणि धुराची घंटा वाजायला लागली, तेव्हा त्या काठीने घंटा थांबवायला धावल्या होत्या. आता फोडणीच्या आधी त्या स्वतःच खिडकी उघडतात. टेबलावर कडक, दुधाचा चहा होता. चहाच्या बाबतीत हे लोक आपले सख्खे आहेत. दारात आलेल्याला चहा न देता पाठवणं त्यांनाही जमत नाही.

शुक्रवारी रिकामं होणारं कॅम्पस

आयरिश विद्यार्थिजीवनाची एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. शुक्रवारी दुपारी सगळे घरी जातात.

मी ते बघायला मुद्दाम थांबले. दोन वाजल्यापासून बसथांब्यावर रांगा लागल्या. प्रत्येकाच्या पाठीवर मळक्या कपड्यांची बॅग, आणि दर तिसऱ्या-चौथ्या बॅगेतून बाहेर डोकावणारा लाकडी दांडा. केरी, कॉर्क, टिपरेरी, क्लेअर, गॉलवे. बस भरली की निघत होती. चढणारा ड्रायव्हरशी हवेबद्दल बोलत होता, वाटेत उतरणारा "थँक्स" म्हटल्याशिवाय उतरत नव्हता. पाच वाजेपर्यंत परिसर शांत झाला. रविवारी रात्री हीच बॅग धुतलेले कपडे आणि आईने दिलेले डबे घेऊन परत येते.

यात परीक्षेचा, प्रेमाचा, पैशाचा काही संबंध नाही. शनिवार-रविवारी गावच्या संघाचा सराव असतो, सामना असतो. विद्यापीठात चार वर्षं काढली तरी मुलगा खेळतो गावासाठी. त्यामुळे शहरात नवी ओळख करून घेण्याची त्याला घाई नसते.

आता आपल्या मुलांच्या बाजूने बघा. सोमवार ते शुक्रवार वर्गात हसून बोलणारे आयरिश मित्र शनिवारी नसतात. काही डिग्ज तर फक्त पाच दिवसांचीच असतात. शुक्रवारी खोली सोडायची, रविवारी परत यायचं. आयरिश मुलाला ते परवडतं, कारण त्याचं घर दोन तासांवर आहे. जळगावच्या मुलाने शनिवारी जायचं कुठे? मग आपली मुलं आपल्यातच राहतात. पाच जण मिळून एक घर, एक कुकर, एक क्रिकेटचा सामना लॅपटॉपवर. त्यात ऊब आहे, पहिल्या हिवाळ्यात तीच ऊब तारून नेते. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं, तेव्हा आपल्या माणसांची गरज लागतेच. पण वर्ष संपतं तेव्हा यातल्या अनेकांना आयर्लंडमधलं एकही घर आतून माहीत नसतं. हे मला त्यांच्यापैकीच तिघांनी, न विचारता, सांगितलं.

ॲशचं लाकूड

त्या बॅगांमधून डोकावणाऱ्या दांड्याचं नाव हर्ली. आयरिश भाषेत 'कमॉन'. मूळ शब्द 'काम', म्हणजे वाकलेला. आपल्या 'कमान'शी त्याचं नातं नाही, तरी हातात घेतल्यावर तो शब्द जिभेवर आलाच.

हर्ली कशी होते हे बघायला मी क्लेअरमधल्या एका कारागिराच्या शेडमध्ये गेले. वडिलोपार्जित धंदा, जमिनीवर घोटाभर भुसा. ॲशचं झाड साधारण पंचवीस-तीस वर्षांचं झालं की तोडायचं, पण हर्लीसाठी अख्खं झाड उपयोगाचं नसतं. जमिनीलगतचा सव्वा-दीड मीटरचा बुंधा तेवढा कामाचा. तिथे खोड मुळांकडे वळतं आणि लाकडाचे तंतूही वळतात. हर्लीच्या टोकाचा पसरट वाकलेला भाग या नैसर्गिक वळणातून काढतात. सरळ लाकूड कापून तसा आकार दिला तर पहिल्या टकरीत तो फुटतो. त्या पसरट भागाला 'बॉस' म्हणतात, आयरिशमध्ये त्याचा अर्थ तळहात. कारागिराने एक फळी उजेडात धरून तंतूंवरून बोट फिरवलं. रेषा मुठीपासून सरळ येत होत्या आणि तळहाताशी येऊन पाण्यासारख्या वळत होत्या. "हे मी करत नाही," तो म्हणाला, "हे झाडाने केलेलं असतं. मी फक्त शोधतो."

मग त्याने शेडच्या मागची जागा दाखवली. तिथे उभी झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती. २०१२ साली ॲशवरचा बुरशीचा रोग आयर्लंडमध्ये पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून देशभर झाडं मरताहेत. लाकूड बाहेरून आणावं लागतं. बांबूच्या हर्ल्याही मैदानावर दिसू लागल्या आहेत. बांबूबद्दल तो वाईट बोलला नाही. पोरांना खेळायला मिळालं पाहिजे, एवढंच म्हणाला.

चार पावलं

बुधवारी संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, नवशिक्यांचा सराव होता. वीसेक जण. दोन अमेरिकन, एक स्पॅनिश, एक नायजेरियन आणि चार आपले. शिकवणारी मुलगी क्लेअरची, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होण्यासाठी इथे शिकणारी.

तिने पहिली दहा मिनिटं भारतीय मुलांची पकड सुधारण्यात घालवली. क्रिकेटमध्ये उजव्या हाताचा फलंदाज डावा हात वर ठेवतो. हर्लिंगमध्ये जोरकस हात वर लागतो, कारण धावताना त्या एका हातानेच दांडा सांभाळायचा असतो, दुसरा चेंडू झेलायला मोकळा. लहानपणापासून अंगात भिनलेली पकड उलटी करायची म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला एक मुलगा तर प्रत्येक फटक्यानंतर नकळत पुन्हा क्रिकेटवर जायचा, आणि ती प्रत्येक वेळी न चिडता त्याचे हात बदलून द्यायची.

खेळ असा. एका बाजूला पंधरा जण. मैदान फुटबॉलपेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब. चेंडू, म्हणजे 'स्लिटर', आत बूच आणि वर कातडं, क्रिकेटच्या चेंडूहून हलका, पण शिवण ठळक वर आलेली. गोलचे खांब रग्बीसारखे उंच. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. खांबांपाशी पांढरे डगले घातलेले पंच उभे असतात, गोलला हिरवं निशाण, गुणाला पांढरं. धावफलक दोन आकड्यांत लिहितात. २०२४च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात क्लेअर ३–२९ आणि कॉर्क १–३४. गुणिले तीन, अधिक उरलेले. ३८ विरुद्ध ३७. जादा वेळेनंतर एका गुणाने क्लेअर जिंकलं, आणि ही शिकवणारी मुलगी त्या दिवशी स्टेडियमात होती. ते सांगताना तिचा आवाज अजून बदलत होता.

चेंडू जमिनीवरून हाताने उचलायचा नाही. दांड्याचा तळहात त्याच्याखाली सरकवायचा, मनगट वळवायचं, चेंडू उडवून हातात घ्यायचा. हातात घेऊन चारच पावलं. पाचव्या पावलाआधी मारायचा, द्यायचा, नाहीतर दांड्यावर तोलून धावायचं. हे सगळं अंगावर माणसं येत असताना. २०१० पासून सर्वांना हेल्मेट सक्तीचं आहे.

नाशिकची मुलगीही आली होती. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. तिचे हात अजून कच्चे, पण वाकून वळण्यात तिला कोणी गाठू शकत नव्हतं. शाळेत खो-खो खेळलेली, पोल मारायची सवय. तिने मला त्या खेळातलं ताजं प्रकरणही सांगितलं. वर्षानुवर्षं मुलींना स्कर्टसारखी अर्धी चड्डी घालूनच उतरावं लागे. २०२५च्या मे महिन्यात खेळाडूंनी साध्या शॉर्ट्स घालून निषेध केला आणि त्याच महिन्यात संघटनेने विशेष सभा भरवून नियम बदलला. "मी आले आणि चार महिन्यांनी नियम बदलल्याचं कळलं," ती म्हणाली, "पण मला वाटलं मीच जिंकले."

पॅरिश म्हणजे पेठ

सराव संपल्यावर कोल्हापूरचा मुलगा चिखलाने माखलेला, वाफाळता चहा हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर जागा मिळत नाही. पेठेचा पोरगा पेठेच्या तालमीकडूनच खेळणार. हितं पॅरिश म्हणत्यात, आपण पेठ म्हणतो. एवढाच फरक."

त्याने एका वाक्यात जे सांगितलं, त्यावर इथे ग्रंथ लिहिले गेले आहेत. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, मायकेल क्युसॅक आणि मूठभर लोकांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. देशावर ब्रिटिशांचं राज्य होतं, दुष्काळ आणि स्थलांतराने गावं पोखरली होती, भाषा मागे हटत होती. आपले खेळ वाचवायचे तर ते गावाच्या हाती द्यायचे, हा त्यांचा विचार. म्हणून क्लब पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीचा. त्यावर काउंटी, त्यावर देश. जन्मलो किंवा वाढलो त्या गावासाठी खेळायचं. आजही खेळाडूंचा बाजार नाही, लिलाव नाही, पगार नाही.

डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,३०० माणसं बसतात. अंतिम सामन्याला तिथे उतरणारे तीसही जण हौशी असतात. शिक्षक, शेतकरी, इंजिनिअर, विद्यार्थी. लिमरिकने १९७३ नंतर पंचेचाळीस वर्षं वाट पाहून २०१८ साली हर्लिंगचा अखिल आयर्लंड चषक जिंकला, नंतर २०२० ते २०२३ सलग चार वेळा. त्या संघाचे व्यवस्थापक जॉन कायली हे शाळेचे मुख्याध्यापक. टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिलेला माणूस सुट्टी संपली की शाळेच्या दारात उभा असतो. गावातल्या पोराला आपला नायक किराणा दुकानाच्या रांगेत भेटतो, हे मी स्वतः पाहिलं. पोराने हर्ली पुढे केली, त्याने सही केली आणि आपलं दूध घेऊन गेला.

खेळाने इथे रक्तही पाहिलंय. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपरेरी यांचा गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा जण गेले. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. स्टेडियममधला एक स्टँड आज त्याच्या नावाने आहे. जालियनवाला बागेला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आणि त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर हा टिपरेरीचाच, मी गाडी बदलली त्या लिमरिक जंक्शनजवळ जन्मलेला. एकाच काउंटीतून होगनही आला आणि ओडवायरही. आयर्लंडशी आपलं नातं असं दोन्ही बाजूंनी गुंतलेलं आहे, आणि तिथे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना ते माहीत असायला हवं.

जे सांगितलंच पाहिजे

२०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. टॅलाट भागात एका भारतीय माणसाला जुलैमध्ये जबर मारहाण झाली. त्यानंतर आणखी घटना उघड झाल्या, भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना सावध राहण्याची सूचना काढली, ऑगस्टमधला 'इंडिया डे'चा सोहळा पुढे ढकलला गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी निवेदन काढून या हल्ल्यांचा निषेध केला आणि भारतीयांनी आयर्लंडला दिलेल्या योगदानाची आठवण करून दिली.

मला भेटलेल्या प्रत्येक मुलाने हा विषय काढला. रात्रपाळीहून परतताना फोनवर कुणाशी तरी बोलत चालायचं, एकट्याने बसथांब्यावर थांबायचं नाही, हे नियम त्यांनी आपापसांत ठरवलेत. हे पालकांपासून लपवून काही साधणार नाही.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट नाशिकच्या मुलीच्या घरमालकिणींनी सांगितली. बातम्या आल्या त्या आठवड्यात क्लबमधल्या एका बाईने फोन केला, या पोरीला रात्री वृद्धाश्रमातून आणायला आम्ही आळीपाळीने गाडी पाठवतो म्हणून. तीन आठवडे ती गाडी येत राहिली. त्या बाईची ओळख फक्त कमोगीच्या सरावातली. क्लबात नाव असलं की तुम्ही कुणाचे तरी होता, आणि कुणाचे तरी असलेल्या माणसाला न्यायला गाडी येते.

परक्याला हा खेळ आपलं म्हणतो का? झाक मोरादीचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला कुर्दी मुलगा, २००२ साली अकराव्या वर्षी लीट्रिम काउंटीत आला, हर्ली हातात घेतली आणि २०१९ साली त्या काउंटीच्या संघातून क्रोक पार्कवर चषक जिंकला. त्याआधी, २००५ साली, कॉर्कचा कर्णधार शॉन ओग ओ हॉलपिन याने विजयाचं भाषण अस्खलित आयरिशमध्ये केलं होतं. त्याची आई फिजीतल्या रोटुमा बेटाची. कातडीचा रंग किंवा आडनाव त्यांच्या आड आलं नाही असं मी म्हणणार नाही. टोमणे त्यांनीही ऐकले. पण गावाने त्यांना आपल्या संघाचा अंगरखा दिला, आणि तो एकदा अंगावर चढला की गाव परत मागत नाही.

जाणाऱ्यांना आणि पाठवणाऱ्यांना

आपल्याकडे मुलगा परदेशी निघाला की आपण त्याला काय सांगतो? अभ्यास कर, पैसे जपून वापर, खेळण्यात वेळ घालवू नकोस. यातली तिसरी सूचना आयर्लंडला जाणाऱ्या मुलाला देऊ नका. तिथे वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाचे सगळे क्लब टेबलं मांडून बसतात आणि कुणीही, काहीही येत नसताना, नाव नोंदवू शकतो. 'पूर्वी खेळला आहेस का' असं कोणी विचारत नाही. ज्यांना हर्लिंगची भीती वाटते त्यांच्यासाठी गेलिक फुटबॉल आहे, डोंगर चढणाऱ्यांचा क्लब आहे, क्रिकेटही आहे. खेळायचं नसेल तर मैदानावर चहा करायला, निशाण धरायला माणसं लागतातच. ज्याने हे पहिल्या महिन्यात केलं त्याचा शनिवार भरला. ज्याने पुढच्या सत्रावर ढकललं त्याचं वर्ष संपून गेलं, कारण मास्टर्सचं वर्ष फार लहान असतं.

गुणांचं म्हणाल तर सत्तर टक्क्यांना तिथे प्रथम श्रेणी मिळते, आणि साठ-पासष्ट पडले म्हणून रडत बसायचं कारण नाही. मला भेटलेल्या चौघा खेळणाऱ्यांपैकी अभ्यासात मागे कोणी नव्हतं.

कोल्हापूरच्या मुलाचं नाव आता विद्यापीठाबाहेरच्या एका गावाच्या 'ज्युनियर बी' संघात आहे. हा गावातला सगळ्यात खालचा संघ. त्यात चाळिशीचा सुतार आहे, दोन शेतकरी भाऊ आहेत, आणि तो आहे. पहिल्या सामन्यात त्याला शेवटची आठ मिनिटं मिळाली. शनिवारी तो आता कुठे असतो, हे त्याच्या आईला फोन न करताही माहीत असतं.

यंदा तुमच्या घरातून कोणी निघणार असेल तर कुकर, मसाले आणि लोकरीचे कपडे तुम्ही भरालच. बॅगेत खिळ्यांच्या बुटांची एक जोडी ठेवा. आणि कोणी गाव विचारलं तर भारत म्हणून थांबू नकोस, गावाचं नाव सांग, एवढं त्याला बजावून ठेवा.